कोणतं शिरूर? – एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची सोपी ओळख

बीडच्या स्टँडवर उभं राहून "शिरूरची गाडी लागली का?" असं विचारलं तर कुणी उलट प्रश्न करत नाही. तिथं शिरूर म्हणजे शिरूर कासार, सिंदफणेच्या काठचा आमचा तालुका. हाच प्रश्न लातूरच्या स्टँडवर विचारा. त्या जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे आणि शिरूर ताजबंदही आहे. पुण्यात विचाराल तर तिथल्या माणसाला एकच शिरूर माहीत, घोडनदीचं.

हे मला कळलं ते २००३ साली. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी पुण्याला एका नातेवाइकाकडे गेलो होतो. येताना नगरमार्गे बीडकडे जाणाऱ्या एसटीत बसलो. कुठं उतरून गाडी बदलायची ते कंडक्टर सांगतीलच, असं धरून "एक शिरूर" म्हणालो, पैसे दिले आणि झोपलो. दीड-दोन तासांनी कंडक्टरनी खांदा हलवला. "ओ पाहुणे, उठा, शिरूर आलं." बाहेर बघतो तर सगळं अनोळखी. पाटीवर लिहिलेलं, शिरूर, जि. पुणे.

"काका, मला बीडकडचं शिरूर पाहिजे होतं, कासाराचं."

"मग तसं पूर्ण सांगायचं ना! नुसतं शिरूर म्हणल्यावर रस्त्यात जे पहिलं शिरूर येईल तेच देणार की मी."

पुढचं तिकीट काढलं, गाडीतली माणसं हसली, विषय संपला. पण कंडक्टरकाकांचं हे वाक्य मी आजही दरवर्षी प्रॅक्टिकलच्या बॅचला सांगतो. कमांड लाइनवर पोरांना सगळ्यात जास्त रडवणारा जो प्रकार आहे, तो याच वाक्यात आहे. प्रस्तुत लेखात त्याचीच ओळख करून द्यायची आहे.

एक सूचना आधीच. मराठी विभाग असल्यामुळे इथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत. मशीनवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. लिनक्सवर पाथ, होम, लँग ही नावं सगळी कॅपिटलमध्ये लिहावी लागतात. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही.

प्रॅक्टिकलचा दिवस

डिसेंबर २००४. जावाचं प्रॅक्टिकल. मला आलेली चिठ्ठी सोपी होती. प्रोग्रॅम रात्री रूमवर चार वेळा लिहून पाठ केलेला. नोटपॅडमध्ये टाइप केला, सेव्ह केला, काळी विंडो उघडली, "जावासी" आणि फाइलचं नाव टाकलं. उत्तर आलं की जावासी ही अंतर्गत किंवा बाहेरची कमांड म्हणून ओळखता येत नाही.

मला वाटलं स्पेलिंग चुकलं. पुन्हा टाइप केलं. मग वाटलं प्रोग्रॅमच चुकला. सगळा खोडून पुन्हा लिहिला. एक तास गेला. आदल्या दिवशी ज्या मशीनवर सराव केला होता तिथं हीच कमांड चालत होती, आज दुसरं मशीन होतं, एवढीच गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. शेवटी एका सीनियरला टाइप करताना बघितलेलं आठवलं म्हणून "सेट पाथ=सी:\जेडीके\बिन" असं टाकलं. जावासी चाललं! पण हात थरथरत होते, काहीतरी बघायचं म्हणून "पिंग" टाकलं तर तेही ओळखेना. "नोटपॅड" टाकलं, तेही ओळखेना. लॅबमधले एक जण मागून म्हणाले, "काय केलंस रे? मशीन बिघडवलंस की!" मी घाबरून हात वर केले. एक्सटर्नलनी शीटवर "आउटपुट नाही" लिहिलं. नापास.

आई-वडील तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर होते, ऊसतोडीला. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांसारखंच, दिवाळी झाली की गावात म्हातारी माणसं आणि लेकरं. निकाल लागल्यावर मुकादमाच्या मोबाइलवर फोन केला. मी सांगितलं की मला हे जमत नाही, मी कॉलेज सोडतो, तुमच्यासोबत येतो. वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कोयता चालंना झाला तर आधी धार बघावं लागती बाबा. लगेच हाताला नावं नाई ठेवायचे."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. पण त्याच आठवड्यात हॉस्टेलमधल्या एका सीनियरनी, आम्ही त्यांना दादाच म्हणायचो, रूममधल्या जोडलेल्या कॉम्प्युटरवर मला सगळं दाखवलं. दहा मिनिटं लागली. मला आधी आनंद झाला आणि मग राग आला. दहा मिनिटांच्या गोष्टीपायी मी एक वर्षभर स्वतःला ढ समजलो असतो.

म्हणून ती दहा मिनिटं आज तुम्हाला देतो.

प्रोग्रॅमची शिदोरी

घरून निघताना आई आपल्याला शिदोरी बांधून देते. भाकरी, ठेचा, दोनशे रुपये, आणि मामाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. प्रोग्रॅमचंही तसंच असतं. कुठलाही प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याला सुरू करणारा दुसरा कुणीतरी असतो. काळ्या विंडोत आपण कमांड देतो तेव्हा ती विंडो, म्हणजे शेल, हा पालक आणि आपला प्रोग्रॅम हे मूल. पालक मुलाला एक यादी बांधून देतो. यादीतल्या प्रत्येक ओळीत एक नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग किंमत. या यादीला एन्व्हायर्नमेंट म्हणतात आणि तिच्यातल्या एकेका ओळीला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल.

तुमची यादी बघायची असेल तर विंडोजवर "सेट" आणि लिनक्सवर "एन्व्ह" एवढंच टाइप करा. तात्पुरत्या फाइली कुठं ठेवायच्या (टेम्प), वापरणारा कोण (यूजरनेम किंवा यूजर), त्याचं घर कुठलं (होम), कोणत्या भाषेत बोलायचं (लँग), कमांड कुठं शोधायच्या (पाथ), असं सगळं तिथं दिसेल. एकच बघायची असेल तर विंडोजवर "एको %पाथ%" आणि लिनक्सवर "एको $पाथ".

ही कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली, ती आजच्या रूपात आली. डॉसमध्ये ती १९८३ च्या २.० आवृत्तीपासून आहे. डॉसच्या काळात या यादीसाठी जागाही मोजूनमापून मिळायची. डॉस ५ मध्ये मुळात २५६ बाइट. पाथ जरा लांबला की "एन्व्हायर्नमेंटची जागा संपली" असा मेसेज यायचा आणि कॉन्फिग फाइलमध्ये जागा वाढवून घ्यावी लागायची. आजच्या विंडोजमध्ये एका व्हेरिएबलची मर्यादा ३२,७६७ अक्षरांची आहे. जागा वाढली, पण चुका त्याच राहिल्या.

आपला सी प्रोग्रॅमही ही शिदोरी उघडून बघू शकतो. "गेटएन्व्ह" हे फंक्शन नाव घेतं आणि किंमत देतं. नाव यादीत नसेल तर नल देतं. व्हायवात विचारतात, लक्षात ठेवा. आणि नल आहे का ते न तपासता ती किंमत वापरली तर प्रोग्रॅम कोसळतो, तेही लक्षात ठेवा.

पाथ म्हणजे गाडीचा रूट

आता मूळ मुद्दा. तुम्ही "जावासी" टाइप करता तेव्हा शेल पूर्ण डिस्क शोधत बसत नाही. "डिर" आणि "सीडी" यांसारख्या थोड्या कमांड शेलच्या पोटातच असतात, त्या अंतर्गत. बाकी सगळ्या कमांड म्हणजे कुठल्यातरी फोल्डरमधल्या फाइली. त्या कोणकोणत्या फोल्डरमध्ये आणि कोणत्या क्रमानं शोधायच्या, ते पाथमध्ये लिहिलेलं असतं. शेल पहिल्या फोल्डरपासून सुरुवात करतं आणि त्या नावाची जी पहिली फाइल सापडेल ती चालवून मोकळं होतं. पुढं अजून कुठं त्या नावाची फाइल आहे का, हे बघत नाही. म्हणजे आमचे कंडक्टरकाकाच. रस्त्यात जे पहिलं शिरूर येईल ते शिरूर.

विंडोजवर दोन फोल्डरांच्या मध्ये अर्धविराम (;) लागतो, लिनक्सवर विसर्गासारखी दोन टिंबं (:). विंडोजला ती टिंबं चालत नाहीत, कारण "सी:" "डी:" मध्ये ती आधीच वापरलेली आहेत. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. विंडोजचं कमांड प्रॉम्प्ट पाथच्याही आधी तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथं बघतं. लिनक्स तिथं बघत नाही. म्हणून लिनक्सवर स्वतःचाच प्रोग्रॅम चालवताना आधी टिंब आणि तिरकी रेघ (./) द्यावी लागते, म्हणजे "इथलाच, या फोल्डरमधला."

आता माझ्या प्रॅक्टिकलला काय झालं ते बघा. त्या मशीनवर जावा होतं, पण जावाचा बिन फोल्डर पाथमध्ये नव्हता. गाडी त्या गावाला जातच नव्हती. मी जी ओळ टाकली तिनं जावाचा फोल्डर पाथमध्ये टाकला खरा, पण आधीचा सगळा पाथ पुसून. गाडी आता फक्त त्याच गावाला जात होती. पिंग आणि नोटपॅड राहतात विंडोजच्या फोल्डरमध्ये, ते सापडेनासे झाले. "डिर" मात्र चालत होतं, कारण ते शेलच्या पोटातलं. तेव्हा हे कळत असतं तर मी घाबरलोच नसतो.

बरोबर ओळ अशी:

सेट पाथ=सी:\जेडीके\बिन;%पाथ%

म्हणजे आधी जावाचा फोल्डर आणि त्याच्यामागे जुना पाथ जसाच्या तसा. लिनक्सवर:

एक्सपोर्ट पाथ=/ऑप्ट/जेडीके/बिन:$पाथ

बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडू नका. लिनक्सवर जागा सोडली तर शेल एरर देतं. विंडोजवर तर त्याहून वाईट, एररही येत नाही. नावाच्या शेवटी स्पेस असलेलं एक वेगळंच व्हेरिएबल तयार होतं आणि तुम्ही तासभर शोधत बसता.

मुलाचं मुलापाशी

"मशीन बिघडवलंस" म्हणाले ते मात्र चूक होतं. मशीनला काहीच झालं नव्हतं. ती काळी विंडो बंद करून नवी उघडली असती तर पाथ पुन्हा होता तसाच दिसला असता. कारण शिदोरी ही प्रत असते. पालक मुलाला यादीची नक्कल करून देतो. मुलानं तिच्यात खाडाखोड केली तरी पालकाच्या यादीला धक्का लागत नाही. तसंच, मूल घराबाहेर पडल्यावर पालकानं आपली यादी बदलली तर मुलाकडे जुनीच राहते.

या एका नियमानं हॉस्टेलमधले निम्मे प्रश्न सुटतात.

पहिला प्रश्न, "मी कंट्रोल पॅनेलमध्ये पाथ बदलला, तरी चालेना." तुमची काळी विंडो आधीपासून उघडी आहे, तिच्याकडं जुनी शिदोरी आहे. ती बंद करून नवी उघडा. एडिटरच्या आतलं टर्मिनल वापरत असाल तर पूर्ण एडिटर बंद करून उघडा, कारण तिथं पालक तो एडिटर आहे.

दुसरा, "काल सेट केलं होतं, आज गेलं." "सेट" आणि "एक्सपोर्ट" फक्त त्या विंडोपुरते. कायमचं पाहिजे तर विंडोजवर सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या चौकटीत लिहा, लिनक्सवर होममधल्या बॅशआरसी फाइलमध्ये. विंडोज ९८ वर याच कामाला ऑटोएक्झेक फाइल असायची.

तिसरा, "स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल सेट केलं, स्क्रिप्ट संपल्यावर दिसत नाही." लिनक्सवर स्क्रिप्ट हे मूल असतं, ते आपली यादी घेऊन गेलं. त्याऐवजी "सोर्स" कमांडनं चालवा, म्हणजे स्क्रिप्टच्या ओळी पालकातच चालतील.

चौथा, "लिनक्सवर नाव आणि किंमत लिहिली, एकोमध्ये दिसते, पण प्रोग्रॅमला मिळत नाही." एक्सपोर्ट राहिलं. एक्सपोर्ट न केलेलं व्हेरिएबल म्हणजे आईनं चुलीपाशी ठेवलेली भाकरी. घरात आहे, पण डब्यात घातलेली नाही.

आणि एक धोक्याची सूचना. विंडोजवर "सेटएक्स" नावाची कमांड आहे, ती कायमची नोंद करते. इंटरनेटवर बघून "सेटएक्स पाथ" चालवणारे फार भेटतात. ही कमांड १०२४ अक्षरांपुढचं कापून टाकते, आणि इथलं कापलेलं विंडो बंद केल्यावर परत येत नाही. पाथला हात लावायचा असेल तर चौकटीतूनच लावा आणि आधी जुना पाथ एका फाइलमध्ये कॉपी करून ठेवा.

गाव एक, शिरूर दोन

के.टी. सुटली. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट. आमच्या चौघांच्या ग्रुपचा प्रोग्रॅम रूमवर चालायचा, लॅबमध्ये चालायचा नाही. या वेळी एररही वेगळी, क्लासची आवृत्ती जमत नाही अशी. दोन रात्री घालवल्यावर कळलं की लॅबच्या मशीनवर एक डेटाबेसचं सॉफ्टवेअर टाकलं होतं, त्यानं आपल्यासोबत स्वतःचं जुनं जावा आणलं होतं आणि पाथमध्ये ते सगळ्यात पुढं बसवलं होतं. जावासी आमचं नवीन, जावा त्यांचं जुनं. उतरलो घोडनदीला!

असं वाटलं की आधी विचारायचं, "कोणतं?" विंडोजवर "व्हेअर जावा" टाका. पाथमध्ये जेवढी जावा सापडतील तेवढी क्रमानं दिसतात. चालतं ते पहिलं. लिनक्सवर "टाइप -ए जावा". विंडोजमध्ये सिस्टिमचा पाथ आधी लागतो आणि तुमचा स्वतःचा यूजर पाथ त्याच्या मागं जोडला जातो. त्यामुळे जुनं जावा सिस्टिमच्या पाथमध्ये असेल तर तुम्ही यूजर पाथमध्ये काहीही लिहा, हार तुमचीच. घाईच्या वेळी मात्र साधा उपाय आहे. पूर्ण पत्ता द्या, ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंत. "शिरूर कासार, जिल्हा बीड" म्हटल्यावर कुठलाही कंडक्टर चुकत नाही.

पाथचा सख्खा भाऊ म्हणजे क्लासपाथ. पाथ हा शेलसाठी, क्लासपाथ जावासाठी. क्लासपाथ सेटच केलेला नसेल तर जावा आपल्या चालू फोल्डरमध्ये क्लास शोधतं. पण कुठल्यातरी सॉफ्टवेअरनं तो सेट केला आणि त्यात टिंब (चालू फोल्डर) घातलं नाही, की समोर ठेवलेली क्लास फाइल जावाला दिसत नाही. फाइल डोळ्यांसमोर आहे आणि मशीन म्हणतं मेन क्लास सापडत नाही. अशा वेळी "जावा -सीपी ." असं टिंब देऊन चालवून बघा.

कॉम्प्युटर मराठी कधी बोलतो?

हा भाग आवडीचा. लिनक्सवर लँग नावाचं व्हेरिएबल असतं. त्यात मराठीचा संकेत एमआर आणि भारताचा आयएन, मध्ये खाली रेघ. एकदा हे करून बघा:

लँग=एमआर_आयएन.यूटीएफ-८ डेट

(आठ आपल्या आकड्यात नाही, इंग्रजी आकड्यात.) मशीनवर मराठी लोकेल टाकलेलं असेल तर वार आणि महिना मराठीत येतो. टाकलेलं आहे का ते "लोकेल -ए" सांगेल. गंमत म्हणजे यात प्रोग्रॅमची एक ओळही बदललेली नाही. तोच डेट, तीच फाइल, शिदोरी वेगळी. कमांडच्या आधी अशी किंमत लिहिली की ती फक्त त्या एका मुलाला मिळते, पालकाची यादी तशीच राहते. सी-डॅकनं बॉस ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स काढली, तिच्यातही भाषा निवडणं म्हणजे पडद्यामागं हेच.

एलसी_ऑल नावाचं व्हेरिएबल सेट असेल तर ते लँगला जुमानत नाही. तेव्हा मराठी दिसत नसेल तर आधी ते बघा. आणि "सॉर्ट" कमांडचा क्रमसुद्धा याच व्हेरिएबलांवर ठरतो. एकच फाइल दोन मशीनवर वेगळ्या क्रमानं लागली तर कमांडला दोष देऊ नका. दोन्हीकडं "एलसी_ऑल=सी" देऊन चालवा, क्रम सारखा येईल.

थोडी काळजी

लिनक्सवर सोय म्हणून पाथच्या सुरुवातीला टिंब घालू नका. आमच्या वेळी एकानं सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये "एलएस" नावाची स्वतःची स्क्रिप्ट ठेवली होती. जो तिथं जाऊन एलएस टाकेल त्याला मेसमधल्या पातळ वरणावर एक शेरा वाचायला मिळायचा. आम्ही हसलो, पण त्या स्क्रिप्टमध्ये फाइली पुसायची ओळही असू शकली असती.

शिदोरीतून विषही जाऊ शकतं, याचं मोठं उदाहरण म्हणजे शेलशॉक. २४ सप्टेंबर २०१४ ला जाहीर झालं की बॅश शेल सुरू होताना एन्व्हायर्नमेंटमधली फंक्शनं वाचतं आणि त्यांच्या मागं चिकटवलेल्या कमांडही चालवून टाकतं. वेब सर्व्हर बाहेरून आलेली माहिती व्हेरिएबलमध्ये भरून प्रोग्रॅमला देतात, म्हणजे बाहेरचा माणूस थेट आपल्या घरात कमांड चालवणार. ही चूक बॅशमध्ये सुमारे २५ वर्षं होती.

आजच्या प्रोजेक्टवाल्यांसाठी एक वाक्य. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंटमधून घ्या, हे बरोबरच आहे. पण तो ज्या एन्व्ह फाइलमध्ये ठेवता ती फाइल कोडसोबत इंटरनेटवर चढवू नका. कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवल्यासारखं होतं.

प्रॅक्टिकलच्या आधीची पाच मिनिटं

१. मशीनवर बसल्याबरोबर "जावासी -व्हर्जन" आणि "जावा -व्हर्जन" टाका (जुन्या मशीनवर फक्त दुसरी). दोन्हींचे आकडे सारखे आहेत का बघा.

२. ओळखत नसेल तर प्रोग्रॅमला हात लावू नका. "एको %पाथ%" करून जावाचा बिन फोल्डर आहे का बघा.

३. नसेल तर फोल्डर शोधा आणि जुना पाथ मागं ठेवून सेटची ओळ टाका.

४. ओळखतंय पण विचित्र वागतंय, तर "व्हेअर" टाकून विचारा, कोणतं?

५. काही गोंधळ झाला तर विंडो बंद करून नवी उघडा. सेटनं केलेलं सगळं पुसलं जातं. मशीन बिघडत नाही.

आता स्टाफमधल्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक मशीनवर एक छोटी बॅच फाइल चालवून आवृत्ती आणि पाथ तपासता येतो. एका लॅबला अर्धा तास पुरतो. आणि शीटवर "आउटपुट नाही" लिहिण्याआधी एकदा मशीनवर "एको %पाथ%" करून बघावं. कोड चुकला असेल तर मार्क जरूर कापावेत. पण ज्या पोरानं कॉम्प्युटर पहिल्यांदा तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये बघितला, त्याला आपण मशीनच्या चुकीचे मार्क कापतो तेव्हा तो मशीनला दोष देत नाही. तो स्वतःला देतो आणि घरी फोन लावतो. मी लावला होता.

गेल्या वर्षीच्या प्रॅक्टिकलला एका मुलीच्या मशीनवर नेमकं जुनं जावा पुढं लागलेलं होतं. मी मदतीला जायला निघालो, तेवढ्यात तिनंच व्हेअर टाकून बघितलं आणि म्हणाली, "सर, इथं जुनं आधी लागलंय. मी पूर्ण पत्ता देऊन चालवते." मी "बरं" म्हणालो आणि पुढच्या मशीनकडं गेलो.

तर मित्रांनो, अडलं तर लॅबमध्ये या, संध्याकाळी सहापर्यंत मी असतो. फक्त येताना एररचा मेसेज जसाच्या तसा कागदावर उतरवून आणा. "सर, चालत नाही" एवढ्यावरून कोणतं शिरूर ते मलाही कळत नाही.